पखवाजाची कणीक

आमच्या लालबागच्या गल्लीची रुंदी दहा-बारा हात असेल. अलीकडे आमची चाळ, पलीकडे त्यांची. आम्ही स्पृश्य, ते अस्पृश्य. त्यांच्याकडे सुकट भाजली की वास आमच्या घरात यायचा आणि आमच्याकडे नवराबायकोचं भांडण झालं की त्यांना ते शब्दन्‌शब्द ऐकू जायचं. वास आणि शिव्या यांना विटाळ नव्हता. बाकी सगळ्याला होता.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. बेळगावपासून डांगापर्यंत सगळा मराठी मुलूख एक करायला आम्ही कंबर कसली होती. एवढी ही गल्ली तेवढी राहून गेली होती. मोर्च्यात मात्र दोन्ही चाळी एकत्र. एकाच झेंड्याखाली, एकाच घोषणेने घसा बसवून घ्यायचा. एकदा परळच्या नाक्यावर अश्रुधुराची नळकांडी फुटली आणि सगळे आंधळ्यासारखे धावत सुटले. त्यांच्या चाळीचा नळ आधी लागला, म्हणून आमच्या चाळीतल्या थोरामोठ्यांनी त्याच नळावर डोळे धुतले, चुळा भरल्या, वर दोन-दोन ओंजळी पाणी प्यायले. डोळे निवले तशी त्यांना दृष्टी आली. घरी येऊन दोघा-तिघांनी अंघोळ केली. अश्रुधूर अंगाला चिकटून राहतो, असं ते बायकांना सांगत होते.

माझे वडील गिरणीत मागावर विणायला होते आणि चाळीत भजनीबुवा होते. आवाज खणखणीत, पाठांतर दांडगं, पण एक खोड. रंगात आले की ताल सोडून पुढे धावायचे. त्यांना वेसण घालणारा माणूस पंचक्रोशीत एकच होता, पलीकडच्या चाळीतले पखवाजवाले. आम्ही मुलं चाळीतल्या दूधवाल्यालासुद्धा काका म्हणत असू. यांना मात्र पखवाजवाले. मूळचे आमच्याच सावंतवाडीकडचे, वडिलांच्याच वयाचे, त्याच गिरणीत कामाला. पण ते सूतखात्यात. विणाईत त्यांच्या लोकांना घेत नसत, कारण धोट्यात सुताची नवी कांडी भरली की विणकर धोट्याच्या भोकाला तोंड लावून सूत ओढून घ्यायचा, आणि पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. तंबाखूच्या, मिशरीच्या, दारूच्या तोंडांचं उष्टं आमच्या लोकांनी वर्षानुवर्षं बिनतक्रार चोखलं. नाक मुरडलं ते एवढ्या एकाच तोंडाला.

पखवाज त्यांचा स्वतःचा, त्यांच्या बापाने मरताना हातात दिलेला, शिसवीच्या खोडाचा. पण तो राहायचा आमच्याकडे. त्यांची खोली तळमजल्यावर, ओल इतकी की पावसाळ्यात भिंतीवर शेवाळ यायचं आणि वादी सैल पडायची. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, कोरडी ठणठणीत. म्हणून पखवाज आमच्या देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवर, आणि त्याचा मालक गुरुवारी भजनाला आला की गॅलरीत, उंबऱ्याबाहेर, गोणपाटावर. कातडं देवाजवळ आणि माणूस दाराबाहेर. त्याला कोणत्या तरी शास्त्रात आधार असणारच, आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला असतो.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला, म्हणजे धुम्याला, ओली कणीक थापावी लागते. त्याशिवाय तो घुमत नाही, नुसता बद्द वाजतो. ती कणीक दर गुरुवारी मी मळायची. द्यायची मात्र आई. पखवाजवाले उंबऱ्याबाहेर दोन्ही तळवे जोडून पुढे करायचे आणि आई हात खांद्याएवढा उंच नेऊन गोळा वरून सोडायची. हाताला हात लागू नये म्हणून. तिचा नेम कधी चुकला नाही. त्यांनीही कधी गोळा पडू दिला नाही. मग ते तो हाताखाली दाबत, थाप मारून बघत, आणि दरवेळी म्हणत, "वयनी, आज कणीक पातळ झाली हा."

सुट्टीच्या दिवशी मात्र दोघे शिवडीला जायचे. बंदराच्या मागे खाडीचा चिखल पसरलेला असतो, तिथल्या बांधावर बसून वडील नव्या चाली बसवायचे आणि पखवाजवाले पत्र्याच्या डब्यावर ठेका धरायचे. एकदा वडिलांचा डबा द्यायला मी गेले, तेव्हा दोघे एक बिडी आळीपाळीने ओढत होते. मला बघून वडिलांनी बिडी टाकली नाही. नुसतं म्हणाले, "आयेक सांगू नको." मी सांगितलं नाही. बिडी शिवडीत चालते आणि कणीक लालबागमध्ये चालत नाही, हे मला तेव्हा पाढ्यासारखंच पाठ करायचं काही तरी वाटलं.

मग त्यांच्या चाळीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. घरोघरचे देव उतरले, नवस बंद, अंगात येणं बंद. पुढच्या गुरुवारी पखवाजवाले आले, पण गोणपाटावर बसले नाहीत.

"बुवा, मी आता देवासमोर वाजवूचंय नाय."

"कित्याक? देवान तुजा काय केला?"

"काय्येक करूक नाय. म्हणानच."

आमची सगळी चाळ दुखावली. आपले लोक आपल्याला सोडून गेले म्हणून गॅलरीगॅलरीत सुस्कारे सुरू झाले. इतक्या वर्षांत त्यांना आपलं म्हणायचं कोणाला सुचलं नव्हतं. ते गेले आणि एका रात्रीत आपले झाले. आमच्या चाळीचे सेक्रेटरी, फोर्टातल्या कुठल्याशा कचेरीत कारकून होते, ते तर म्हणाले, "आपण यांच्यासाठी काय कमी केलं?" हा प्रश्न त्यांनी अगदी मनापासून विचारला होता.

पखवाज घेऊन जा, असं वडील बोलले नाहीत. नेतो, असं तेही बोलले नाहीत. तो खुंटीवर राहिला आणि दोघांचं बोलणं थांबलं. दोघे एकाच भोंग्याला घराबाहेर पडायचे आणि गल्लीच्या दोन कडांनी गिरणीपर्यंत चालायचे. भजनाला वरळी कोळीवाड्यातून नवा पखवाजवाला आणला. माणूस लाखमोलाचा, पण हात होडी वल्हवणाऱ्याचे. पहिल्याच गुरुवारी अभंग वडिलांनी आधी संपवला, पखवाज मागून सावकाश संपला. मंडळी हसली. वडील त्या रात्री जेवले नाहीत. देवाने पाठ फिरवली असती तरी त्यांना इतकं लागलं नसतं, हे मला दिसत होतं.

आता दंगल कशावरून झाली ते सांगते. दोरावरून.

गोकुळाष्टमीला आमची हंडी गल्लीच्या मधोमध लागायची. दोराचं एक टोक आमच्या गॅलरीच्या कठड्याला, दुसरं त्यांच्या. त्यांच्या कठड्याला बांधलेल्या दोरावर लटकलेलं दही आम्ही प्रसाद म्हणून खात आलो होतो. थर लावायला त्यांचे पोरगेही लागायचे. सगळ्यांत खालच्या थराला. खांदे त्यांचे, वर पाय आमचे. एरवी सावली चालत नव्हती, पण पायाखाली खांदा चालत होता. याला आम्ही एकोपा म्हणत असू.

दीक्षेनंतरच्या गोकुळाष्टमीला त्यांच्या पोरांनी सांगितलं, दोर आमच्या कठड्याला बांधायचा नाही आणि खांदेही मिळणार नाहीत. आमच्या पोरांनी दोर बांधला. त्यांनी तो कापला. हंडी गल्लीत पडून फुटली आणि दह्यात लोळत दोन्हीकडची पोरं एकमेकांच्या उरावर बसली. दुपारपर्यंत सोड्याच्या बाटल्या सुरू झाल्या, संध्याकाळपर्यंत गच्चीवर विटांचे ढीग लागले. ज्यांनी मोर्च्यात एकमेकांच्या डोळ्यांवर ओले रुमाल धरले होते, ते आता एकमेकांच्या डोळ्यांवर नेम धरत होते. दुसऱ्या दिवशी आमच्या गॅलरीतून गेलेली एक वीट पखवाजवाल्यांच्या मोठ्या मुलाच्या डोक्यात बसली. तो वाचला, पण टाके पडले. कोणी मारली ते कधीच कळलं नाही. आमच्याकडे असं कधीच काही कळत नाही.

चाळीत शांतता समिती झाली. अध्यक्ष सेक्रेटरीच. सभासद म्हणून जे तरुण घेतले ते विटा वाहून दमलेले होते, त्यांना बसायला सतरंजी मिळाली. एक मात्र खरं, नळाला पाणी यायच्या वेळी दगडफेक बंद असायची. पाणी दोन्हीकडच्या बायकांना भरायचं होतं आणि त्यांच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती. पाणी गेलं की पुन्हा सुरू.

अशाच एका पाण्याच्या वेळी पखवाजवाले गल्लीच्या मधोमध येऊन उभे राहिले आणि त्यांनी वर हाक मारली.

"बुवा! रविवारी लेकीचा लगीन असा. माजो पखवाज व्हयो."

आमची सगळी गॅलरी कठड्याला टेकली. श्रावणात लग्न! ना मुहूर्त, ना भटजी, आणि चातुर्मासात! विटा मारणाऱ्यांनासुद्धा या अधर्माचा धक्का बसला. वडील कठडा धरून उभे होते. इतक्या महिन्यांनी त्यांना पलीकडून हाक आली होती.

"बापाशीचो असा तो," पखवाजवाले म्हणाले. "लेकीच्या लग्नात मीच वाजवतलंय. दुसरा माका काय नको."

वडील "बघतंय" म्हणाले. त्यांच्या शेजारी सेक्रेटरी उभे होते.

त्या संध्याकाळी समितीची बैठक आमच्याच दारात झाली. सेक्रेटरींचं म्हणणं, पखवाज इतकी वर्षं आमच्या भिंतीवर आहे, आमच्या देवासमोर वाजला आहे, म्हणजे तो भजनी मंडळाचा. पोरांना एवढं कायद्याचं लागत नव्हतं. त्यांनी आमचा दोर कापला, आम्ही त्यांचा पखवाज फोडू, रविवारी सकाळी, गल्लीत, लग्न लागायच्या आधी. शांतता समितीने तो ठराव एकमताने पास केला. वडील भिंतीकडे तोंड करून टाळांची दोरी बांधत बसले. मला त्यांचा इतका राग आला की मी त्या दिवशी त्यांना जेवायला वाढलं नाही, आईने वाढलं.

आईचं म्हणणं सरळ होतं. "तुमी खंय जाव नकात. तेच्या झिलाचा डोक्या फुटला ता आपल्या गॅलरीतल्या विटेन. ते काय तुमका ओवाळतले?" ती चुकीचं बोलत नव्हती. इकडून बाहेर पडणाऱ्याला इकडचे फोडणार होते आणि तिकडे पोचणाऱ्याला तिकडचे.

रविवारी वडील पहाटेच उठले. अंघोळ केली, भजनाचं धोतर नेसले, काळी टोपी घातली, कपाळाला बुक्का लावला. मग खुंटीवरचा पखवाज काढून उपरण्याने गळ्यात बांधला. जिन्याच्या तोंडाशी चार-पाच पोरं आधीच उभी होती. एकाच्या हातात पहार.

"बुवा, ठेवा तो खाली," त्यातला एक म्हणाला. आवाज आदराचाच होता.

वडिलांनी अभंग सुरू केला.

भर जिन्यात, पूर्ण आवाजात. आमच्या चाळीत बाकी कोणताही धर्म कोणी पाळत नसेल, पण अभंग चालू असताना बुवाला अडवायचं नाही, मधून जायचं नाही, पायातल्या वहाणा काढायच्या, एवढं पोरांच्या हाडात मुरलेलं होतं. पहारवाल्याने आधी वहाणा काढल्या आणि मग बाजूला झाला. सेक्रेटरी खालच्या मजल्यावर आडवे आले, त्यांचेही हात सवयीने जोडले गेले. वडील गात, पखवाज बडवत, एकेक पायरी उतरत गल्लीत आले. ज्या देवाच्या नावाने पखवाज फुटणार होता, त्याच देवाला त्यांनी पहारेकरी करून आणला होता.

अडचण एवढीच, की गल्ली अर्धी ओलांडली की देवाची हद्द संपत होती. समोरच्या गच्चीवरची पोरं उठून उभी राहिली. आपल्या पोराच्या डोक्यात वीट मारणाऱ्या चाळीतला बुवा बुक्का लावून, अभंग म्हणत लग्नघरावर चालून येतो आहे, असंच त्यांना दिसलं असणार. पहिला दगड वडिलांच्या पायाशी पडला. दुसरा पखवाजाच्या खोडाला लागून उडाला. मी कठड्यावरून ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही. वडिलांचं गाणं थांबलं. पण हात थांबेनात. डोळे मिटून ते नुसता पखवाज बडवत उभे राहिले. धुम्याला कणीक नव्हती. बद्द, बद्द, बद्द. ना सम, ना खाली, भिजलेलं पोतं झोडपल्यासारखा आवाज. घाबरलेल्या माणसाचा ताल कसा असतो ते मी त्या दिवशी ऐकलं.

तेवढ्यात तळमजल्याच्या दारातून पखवाजवाले गरजले.

"अरे मेल्या, हात सरळ ठेव! ढोल बडवतंस काय?"

नवे कपडे, अर्धी दाढी झालेली, गालाला साबण. तसेच ते तरातरा गल्लीत आले. गच्चीवरच्या पोरांना त्यांनी वर बघून एक हासडली आणि वडिलांच्या हातांवर चापट मारली.

"दुगुण कसली घेतंस? आदी एकपट तरी धड वाजव. आणि कणीक खंय असा?"

"इसारलंय," वडील म्हणाले.

"इसारलंय म्हणता! इतकी वर्सां बाजूक बसान काय केलंस?"

दोन्ही गॅलऱ्यांतून हसू फुटलं. गच्चीवरच्या पोरांच्या हातात दगड तसेच होते, पण आपल्याच माणसाच्या अंगावर टाकायचे कसे? पखवाजवाल्यांनी पखवाज वडिलांच्या गळ्यातून काढला, उलटसुलट करून बघितला, दगडाने पडलेल्या खोकेवरून अंगठा फिरवला आणि तो पोटाशी धरून आत गेले. वडील मागोमाग गेले. आणि दारात थांबले. उंबऱ्याबाहेर. कोणी थांबा म्हटलं नव्हतं. भजनाच्या दिवशी पखवाजवाले आमच्या दारात जिथे थांबायचे, बरोबर तिथे.

मी तोवर जिना उतरून गल्लीत आले होते. आतून "कणीक हाड गे" अशी हाक आली. पखवाजवाल्यांची बायको दारात आली. इतक्या वर्षांत मी तिला समोरासमोर कधी पाहिलं नव्हतं, ती आमच्या चाळीच्या पायरीवर कधी आली नव्हती. वधूमाय होती, नव्या धम्माच्या रीतीने अंगावर पांढरं लुगडं होतं. मागे खाटेवर तिचा मुलगा डोक्याला पट्टी बांधून बसलेला दिसत होता. तिच्या हातात कणकेचा गोळा होता.

वडिलांनी दोन्ही तळवे जोडून पुढे केले. मला वाटतं त्यांनी ते ठरवून केलं नाही, इतक्या गुरुवारी पाहिलेलं हातांनी आपलं आपण केलं. ती क्षणभर त्या तळव्यांकडे बघत राहिली. मग तिने हात खांद्याएवढा उंच नेला आणि गोळा वरून सोडला.

आईच्याच मापाची उंची होती ती, बोटभर कमी नाही की जास्त नाही. ती कुठे शिकली? तिला कोणी तरी घरी येऊन सांगितलं असणार, पुन्हा पुन्हा, हात वर करून दाखवून.

वडिलांनी गोळा पडू दिला नाही. तो ओंजळीत घेऊन ते उभे राहिले, मान खाली घालून. ती बाजूला सरकली. आतून पखवाजवाले ओरडले, "थंय कित्याक उभो रवलंस? आत ये, माका उशीर होता." वडील उंबरा ओलांडून आत गेले. थोड्या वेळाने धुमा घुमला, पोटात शिरणारा तो खर्ज सगळ्या गल्लीत पसरला आणि आमच्या गॅलरीतली एक म्हातारी म्हणाली, "आता कसा!"

शांतता आपल्यामुळेच झाली असं समितीने जाहीर केलं आणि सेक्रेटरींनी भाषण केलं. पुढच्या वर्षीपासून हंडी आमच्याच चौकात लागली. खालच्या थराला आमचेच खांदे असल्याने ती बरीच खाली आली.

वडील जेवूनखाऊन दुपारी घरी आले. आई सकाळपासून गॅलरीत गेली नव्हती, शेगडीपुढेच बसून होती. दाराबाहेर तिने त्यांच्या अंघोळीची बादली भरून ठेवली होती. पलीकडे पखवाज अजून वाजत होता. वडिलांनी टोपी रिकाम्या खुंटीवर अडकवली.

"जेवलात?" आईने विचारलं.

"जेवलंय."

"तेची बायल काय बोलली?"

"काय नाय. कणीक दिल्यान."

"कशी?"

वडिलांनी हात खांद्याएवढा वर नेला आणि बोटं उघडली.

"तू देतंस तशीच," ते म्हणाले.

आई त्या वर गेलेल्या हाताकडे बघत राहिली. मग उठली, दाराबाहेरची बादली आत आणली आणि मोरीत ओतून टाकली.